आधी वीज, मग वीज: भंगारातल्या चुंबकाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा वर्कशॉपमधला विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत कसा काय आला? भंगारातले सुटे भाग जमवून घरच्या घरी अल्टरनेटर बनवायचा, यात इतिहास कुठे आहे? आहे, आणि बराच आहे. त्यासाठी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. वीज तयार करायला काय लागतं?

कोळसा लागतो, पाणी लागतं, टर्बाइन लागतं, हे चंद्रपूरच्या शाळेतलं पोरही सांगेल. दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, इरईचं धरण आणि महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. पण या यादीत एक गोष्ट राहून जाते. वीज तयार करायला आधी वीज लागते! मोठ्या जनित्राच्या फिरत्या भागात चुंबक नसतो, तांब्याच्या वेटोळ्या असतात. त्यांतून प्रवाह सोडला की त्या चुंबक होतात, आणि मग बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत वीज निर्माण होते. प्रवाह नाही तर चुंबक नाही, आणि चुंबक नाही तर टर्बाइन कितीही फिरवा, हाती शून्य. शिवाय कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पाण्याचे पंप, हवेचे पंखे, सगळं विजेवरच चालतं. पूर्ण थंड पडलेलं औष्णिक केंद्र बाहेरून वीज मिळाल्याशिवाय उठत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात जाळं कोसळलं, तेव्हा केंद्रं पुन्हा सुरू करायला आधी जलविद्युत केंद्रांकडून वीज आणावी लागली. जणू घरातली चूल विझली म्हणून शेजारणीकडून विस्तव आणावा!

आणि एक जनित्र असं आहे, ज्याला शेजारणीकडे जावं लागत नाही. त्याच्यात कायमचुंबक असतो. फिरवलं की वीज. आजची गोष्ट त्याची आहे.

फॅरडेनंतरची पस्तीस वर्षं

मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं, की तारेजवळ चुंबक हलवला तर तारेत प्रवाह वाहतो. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसमध्ये इपोलीत पिक्सी याने हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. नालेच्या आकाराचा पोलादी चुंबक खाली फिरतोय आणि वर दोन वेटोळ्या स्थिर आहेत. म्हणजे जगातलं पहिलं कामाचं जनित्र कायमचुंबकाचंच होतं. आज जे लोक भंगारातून अल्टरनेटर बनवतात, ते काही नवीन करत नाहीत. ते पिक्सीच्या जागेवरून पुन्हा सुरू करतात.

मग पुढची तीस-पस्तीस वर्षं हीच यंत्रं मोठी होत गेली. फ्रेडरिक होम्सने १८५८ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलँड दीपगृहात वाफेच्या इंजिनावर असं यंत्र चालवून विजेचा दिवा लावला. म्हातारा फॅरडे तेव्हा दीपगृहांचा शास्त्रीय सल्लागार होता. आपण सत्तावीस वर्षांपूर्वी टेबलावर पाहिलेली हालचाल समुद्रावर उजेड पाडतेय, हे त्याला बघायला मिळालं.

अडचण पोलादाची होती. त्या काळचा पोलादी चुंबक मुळात कमजोर, धक्क्याने आणि उष्णतेने आणखी कमजोर होणारा. जास्त वीज हवी तर जास्त चुंबक लावा, यंत्र टनावारी जड करा. १८६६-६७ च्या हिवाळ्यात वेर्नर सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टोन आणि सॅम्युएल व्हार्ली यांना एकाच सुमारास एकच युक्ती सुचली: जनित्राने स्वतःच बनवलेला थोडा प्रवाह स्वतःच्याच वेटोळ्यांत फिरवायचा. लोखंडात मुरलेलं थोडंसं चुंबकत्व सुरुवातीला पुरतं. त्यातून थोडी वीज, तिच्यातून जास्त चुंबकत्व, त्यातून आणखी वीज. पैशाने पैसा वाढतो तसं. झालं! कायमचुंबकाची गरज संपली. शहरांचे दिवे, ट्रामगाड्या, गिरण्या, पुढे बल्लारशाह आणि चंद्रपूरची केंद्रं, सगळी या दुसऱ्या घराण्यातली.

मग चुंबक गेला कुठे?

तो छोट्या जागी जाऊन राहिला. हाताने दांडी फिरवून घंटी वाजवायचे जुने टेलिफोन आठवा. ती दांडी म्हणजे एक बारकं कायमचुंबक जनित्रच फिरवत असे. मोटारसायकलचा मॅग्नेटो तोच. १९७२ मध्ये बाजारात आलेली लूना घ्या. तिच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेले, आत वेटोळ्या. ठिणगीही तिथूनच आणि समोरच्या दिव्याची वीजही तिथूनच. म्हणून लूना सिग्नलला थांबली की दिवा मंद व्हायचा, आणि मूठ पिळली की झगझगायचा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना अल्टरनेटरचा पहिला नियम वेगळा शिकवायला नको. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं.

आणि सायकलचा डायनॅमो! नाव डायनॅमो, पण खरं तर तो अल्टरनेटर: आत गोल चुंबक फिरतो, भोवती स्थिर वेटोळं असतं, आणि बाहेर पडते ती एसी वीज. ६ व्होल्ट, ३ वॉट. रात्री सायकलला बत्ती नसली तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, त्या भीतीने तो घराघरांत आला. या बाटलीचा एक हिशेब सांगण्यासारखा आहे. तिची चाकावर घासणारी चकती सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली, तर ती चकती मिनिटाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे घेते. चंद्रपूरच्या केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. म्हणजे बाजारहाट करून घरी निघालेल्या माणसाच्या सायकलवरचं जनित्र महाऔष्णिक केंद्रापेक्षा जोरात फिरत होतं, वीज मात्र ३ वॉट. आकाराचा आणि चुंबकाच्या ताकदीचा फरक याला म्हणतात.

वीज कुठून निघते, कुठे जाते

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चंद्रपूरचा पहिला २१० मेगावॉटचा संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यावरही केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याच्या एकच वर्ष आधी, २६ ऑगस्ट १९८२ ला, जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल, आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथवर पोचायला दिवस घालवावा लागायचा.

१९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातलं पडघे अशी ५०० किलोव्होल्टची उच्चदाब डीसी वाहिनी सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॉट. मुंबईच्या बाजूला वीज नेण्यासाठी ही व्यवस्था उत्तम, तिच्या अभियांत्रिकीला आम्ही नावं ठेवणार नाही. पण अशा वाहिनीतून वाटेत वीज काढता येत नाही. एसीची डीसी करणारं केंद्र एका टोकाला आणि डीसीची एसी करणारं दुसऱ्या टोकाला; मधल्या गावाने मान वर करून तारा बघायच्या. आणि उलट्या दिशेला, चंद्रपूरपासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर भामरागड. तिथे हेमलकशाला डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी पुढची कितीतरी वर्षं कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या. ही गोष्ट महाराष्ट्राला त्यागाची गोष्ट म्हणून माहीत आहे. ती विजेच्या इतिहासातली नोंद म्हणूनही वाचायला हवी.

कागदावर काय होतं? १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत. शिवारात एक पंप चालला, की गाव उजळलं! १९९७ मध्ये ‘वस्तीच्या आत’ ही अट आली. २००४ मध्ये निदान दहा टक्के घरं, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागा आणि वस्तीत रोहित्र-तारा, अशी व्याख्या झाली. दहा टक्के! म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात ठेवूनही गाव यादीत बसतं. आणि खांब आले तरी जंगलातली लाईन ती. वादळात सागाचं एक झाड आडवं झालं, पर्लकोटा नदीला पूर आला, की दुरुस्तीचा माणूस पोचेपर्यंत बत्ती गुलच.

अशा ठिकाणी ‘शेजारणीकडून विस्तव’ हे गणितच चालत नाही. म्हणून कायमचुंबकाचं यंत्र.

भंगारातून काय निघतं

नवशिक्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो गाडीचा अल्टरनेटर. कबाड्याकडे सहज मिळतो. पवनचक्कीला किंवा पेडलला जोडला की झालं, असं वाटतं. होत नाही. त्याच्या रोटरमध्ये चुंबक नाही, वेटोळं आहे. त्याला बॅटरीतून काही अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. माणूस पेडल मारून जेवढी वीज काढणार, त्यातला मोठा वाटा तो रोटरच खाणार. शिवाय तो इंजिनाच्या वेगासाठी बनवलेला आहे. मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या खाली काही देत नाही. सीमेन्सच्या घराण्यातलं यंत्र ते, त्याचे नखरे तसेच असणार. म्हणून हुशार लोक रोटर काढून त्याच्या जागी चुंबक लावलेला रोटर बसवतात. किंवा तो नादच सोडतात.

यातली सगळ्यात सुंदर रचना स्कॉटलंडच्या स्कोरेग द्वीपकल्पावर राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी रूढ केली. तिथे जायला रस्ता नाही, विजेचे खांब नाहीत. त्यांनी आधी व्हॅनचे ब्रेक-ड्रम आणि हब वापरून पवनचक्क्या बनवल्या, आणि पुढे दोन चकत्यांचं यंत्र. गाडीच्या मागच्या चाकाचं हब घ्यायचं; त्याचे बेअरिंग गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेले, आपल्या कामाला वर्षानुवर्षं टिकतात. त्यावर दोन पोलादी चकत्या. प्रत्येक चकतीवर वर्तुळात चुंबक, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे. दोन्ही चकत्यांचे चुंबक एकमेकांना ओढतील असे समोरासमोर. मधल्या फटीत स्थिर वेटोळ्या, रेझिनमध्ये ओतून थाळीसारख्या घट्ट केलेल्या. वेटोळ्यांत लोखंड नाही, त्यामुळे रोटर कुठे अडखळत नाही, मंद वाऱ्यातही हलतो. ओतकाम, कातकाम, जोडणी, वाइंडिंग: तालुक्याच्या गावातला वेल्डर आणि पंप-मोटर भरून देणारा वायंडर मिळून करू शकतील, यापलीकडे यात काही नाही.

हिशेबाचं सूत्र मात्र लक्षात ठेवा. चुंबकीय ध्रुवांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले १२०, म्हणजे वारंवारता. चंद्रपूरला ध्रुव २, फेरे ३,०००. उत्तर ५० हर्ट्‌झ. घरच्या यंत्रात ध्रुव १२, फेरे २००. उत्तर २० हर्ट्‌झ. ही वीज टीव्हीला चालत नाही, पण आपल्याला ती डायोडच्या पुलावरून डीसी करून बॅटरीतच भरायची आहे, मग वारंवारता किती का असेना. मंद फेऱ्यांत पुरेसं व्होल्टेज हवं, तर ध्रुव जास्त, वेढे जास्त आणि चुंबक जोरदार असायला हवेत.

जोरदार चुंबक ही गेल्या शतकातली कमाई आहे. जपानमध्ये १९१७ मध्ये होंडा कोतारो यांनी कोबाल्टचं पोलाद काढलं, १९३१ मध्ये मिशिमा तोकुशिची यांनी अल्निकोचा पाया घातला. फेराइट आलं, जे आज प्रत्येक लाउडस्पीकरच्या पाठीला काळ्या चकतीसारखं चिकटलेलं असतं. आणि १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडायमियम-लोखंड-बोरॉनचा चुंबक सिद्ध केला. फेराइटच्या जवळपास तिप्पट ताकद. पिक्सीचं यंत्र ज्या कारणाने मागे पडलं, ते कारणच संपलं. पण त्याचे दोन दोष आहेत. साधा निओडायमियम ८० अंशांच्या पुढे तापला की चुंबकत्व गमावतो, आणि उघडा पडला की गंजून भुगा होतो. आपल्याकडचा पावसाळा आणि चंद्रपूरचा मे महिना, दोन्ही त्याचे शत्रू.

गंमत म्हणजे मोठ्या यंत्रांनीही त्याला पुन्हा घरात घेतलंय. आपल्याकडच्या ५०० मेगावॉटच्या बऱ्याच संचांत टर्बाइनच्या त्याच दांड्यावर, अगदी टोकाला, एक छोटं कायमचुंबक जनित्र असतं. १६ ध्रुव, ३,००० फेरे. वरचं सूत्र लावा, ४०० हर्ट्‌झ येतात. त्याची वीज मधल्या जनित्राला जागं करते, आणि मधलं मोठ्याला. म्हणजे पाचशे मेगावॉटच्या पोटात शेवटी पिक्सीचाच वारस बसलेला आहे.

बिलगाव

महाराष्ट्रात गावाने स्वतःची वीज स्वतः बनवल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण गडचिरोलीत नाही, दुसऱ्या टोकाला नंदुरबार जिल्ह्यात आहे. धडगाव तालुक्यातलं बिलगाव. २००३ मध्ये केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटातल्या अभियंत्यांनी, नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून, धबधब्यावर १५ किलोवॉटचा संच उभा केला. घरच्या अल्टरनेटरपेक्षा तो कितीतरी मोठा. पण प्रश्न तोच होता: जिथे जाळं येत नाही, तिथे माणसं वाट बघत बसतील का? आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’ला (२००४) बिलगावची पार्श्वभूमी आहे, असं सांगितलं जातं, रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री या दांपत्याने शाळांच्या दिव्यांसाठी केलेलं पेडल-जनित्रही त्या कथेमागे होतं. चित्रीकरण झालं वाईजवळच्या मेणवलीला. त्यामुळे लोक वीजगृह बघायला वाईला जातात, बिलगावला कुणी जात नाही. तसंही तिथे बघायला काही उरलं नाही. त्याआधीचा डोमखेडीचा छोटा संच धरणाच्या पाण्यात गेला होता, आणि २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याने बिलगावचा संचही गिळला. ज्या धरणाचा एक हेतू वीज हा होता, त्याच्याच पाण्यात.

कायदा तोवर बदलला होता. २००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला, आणि कलम १४ नुसार अधिसूचित ग्रामीण भागात वीज बनवून वाटायलाही परवाना लागेनासा झाला. १९१० च्या कायद्यापासून वीज पुरवणाऱ्याला परवाना लागत होता, ती गाठ सुटली. मात्र गावोगाव वीजगृहं काही उभी राहिली नाहीत.

गडचिरोलीत काय चालेल

इथे थोडं कडू बोलावं लागेल. पवनचक्कीची चित्रं बघून मोहात पडू नका. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला, की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर जे जमतं, ते सागाच्या आणि बांबूच्या जंगलात, झाडांच्या उंचीखाली, जमणार नाही. पाण्याचं बघा: सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटरवरून पडलं आणि निम्मी शक्ती वाया गेली, तरी जवळपास ५०० वॉट चोवीस तास मिळतात. वस्तीला ते पुष्कळ. पण प्राणहिता, इंद्रावती या रुंद, संथ नद्या. उंचीवरून पडणारे ओढे थोडे, आणि त्यातले बरेच होळीपर्यंत आटतात. राहिलं पेडल. धडधाकट माणूस तासभर साधारण ७५ वॉट देतो, बॅटरीत पोचतात ५० च्या आसपास. एक युनिट बनवायला असे वीस तास! जुन्या ६० वॉटच्या बल्बच्या काळात ही निव्वळ चेष्टा होती. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये निळा एलईडी तेजस्वी केला, त्यातून पांढरा एलईडी आला, आणि तेच ५० वॉट-तास आता ५ वॉटच्या दिव्याला दहा तास पुरतात. पेडलला अर्थ आला तो एलईडीमुळे.

आणि सूर्याचं काय, असं तुम्ही विचारणार. बरोबर आहे. वॉटमागे खर्च बघितला तर सौर तावदान घरच्या अल्टरनेटरला सहज हरवतं, आणि आज कुणी आम्हाला एका वस्तीसाठी एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर आम्ही तावदानच निवडू. पण बॅटरी मेली, कंट्रोलर जळला, की तावदान छपरावर तसंच राहतं. ते उघडून दुरुस्त करता येत नाही. वेटोळं जळालेला अल्टरनेटर एटापल्लीचा किंवा आलापल्लीचा वायंडर उघडू शकतो, तीच गेजची तार भरू शकतो. श्रावण-भाद्रपदात, आठवडाभर ऊन नसताना, फोन आणि दोन दिवे चालू ठेवायला ही जोड उपयोगी पडते. इतकीच तिची जागा, आणि ती लहान नाही.

हल्ली तर भंगारच बदललंय. ई-रिक्षाच्या मोटारी, स्कूटरच्या चाकातल्या मोटारी, बीएलडीसी पंखे: या सगळ्यांच्या पोटात कायमचुंबक आहेत. यातलं काहीही हाताने फिरवलं, तर ते अल्टरनेटर आहे. जुन्या साध्या छताच्या पंख्याचा रोटर कापून चुंबक चिकटवायची खटपट लोक करतात, तिची गरज बीएलडीसी पंख्यात नाही. त्याचं बहुधा इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलेलं असतं, चुंबक आणि वेटोळ्या शाबूत असतात. कार्ड काढा, तीन तारा मोकळ्या करा, दोन तारांमध्ये एक एलईडी लावा आणि पंख्याचं भांडं हाताने फिरवा. एलईडी लुकलुकेल. पुढे पेडलला जोडायचं असेल, तर बॅटरी सोडवलेली असताना जोरात फिरवू नका. भार नसला की व्होल्टेज वाढतच जातं; पंख्याच्या वेटोळ्यांत वेढे खूप असतात, हाताला चांगला झटका बसेल, आणि पुलावरचे डायोड आधी जातील.